तुमची हिरवी आणि माझा डबा

मामंजी,

कंपनीच्या मासिकासाठी एक लेख द्या म्हणून आमच्याकडचा एक तरुण इंजिनियर महिनाभर माझ्या मागे लागला आहे. विषयही त्यानेच काढला. जुनी स्पोर्ट्स कार आणि आजची छोटी गाडी, दोन्हींची तुलना. ‘मॅडम, तुम्ही दोन्ही चालवल्यात, तुमच्याशिवाय कोण लिहिणार?’ असं म्हणून त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही चढले. संगणकापुढे बसून एक तक्ता केला. ब्रेक, मायलेज, वळणावरची पकड, बसायची जागा, पावसापासून बचाव. प्रत्येक रकान्यात छोटी गाडी जिंकली. तुमची हिरवी एकाही विषयात पास झाली नाही, काठावरसुद्धा नाही. तक्ता शंभर टक्के खरा होता, आणि तो वाचून माझं डोकं असं फिरलं की मी तो सगळाच्या सगळा पुसून टाकला. मग वाटलं, या विषयावर माझं ज्यांच्याशी भांडण होतं त्यांनाच लिहावं. तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या मुलाचे केस तुमच्यासारखे पांढरे व्हायला लागलेत. पण भांडण काही मिटलेलं नाही.

हिरवी मी पहिल्यांदा पाहिली ती लग्नाच्या आधी. मी सांगलीहून चेन्नईला छोट्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला आले होते, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तुमच्या मुलाची ओळख झाली, आणि एका रविवारी तो मला वेलचेरीच्या फ्लॅटवर तुम्हाला भेटवायला घेऊन आला. टी. नगरचं घर विकून तुम्हाला तिथे येऊन फार दिवस झाले नव्हते. जुन्या घराच्या जागी साड्यांचं चार मजली दुकान उभं राहत होतं आणि त्याचं नाव काढलं की तुम्ही नाक मुरडत होता. मला वाटलं होतं, आधी वर जाऊन कॉफी, मग गावाची आणि घराण्याची चौकशी. तुम्ही मला जिन्यातच अडवलंत आणि खाली पार्किंगमध्ये नेलंत. खांबांच्या मध्ये जुन्या नऊवारीखाली काहीतरी लांबट झाकलेलं होतं. तुम्ही ते लुगडं दोन्ही हातांनी अलगद ओढलंत. खाली माझ्या कमरेएवढीही उंच नसलेली, गर्द हिरवी, उघडी, दोनच माणसांची गाडी. लांबलचक नाक, तारांची चाकं, आणि खाली तेलाचे थेंब पडायला पसरलेला पुठ्ठा. ‘ये गे,’ तुम्ही म्हणालात, ‘ही पाहा. ह्या घरांत थोरली ही. तूं धाकटी.’ मला हसावं की रागवावं कळेना. तुमच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या इकडेच तमिळ मुलखात गेलेल्या, त्यामुळे तुमचं मराठी मला तेव्हा इतिहासाच्या पुस्तकातून उठून आल्यासारखं वाटायचं, आणि त्याला तमिळचा हेल. माझं मराठी तुम्हाला रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटतं, असं तुम्ही नंतर सांगितलंत.

मामंजी हा शब्दही मला तुमच्याच घरात मिळाला. आमच्याकडे सासऱ्यांना सगळ्या सुना बाबा म्हणतात. मला बाबा म्हणणं जड गेलं असतं. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले आणि तो शब्द मी तिथेच ठेवून दिला होता. तुम्ही म्हणालात, ‘आमच्यांत मामंजी म्हणतात. तुज बरें वाटेल तें म्हण.’ मला बरं वाटलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण तुम्ही तरी मला कुठे काय सांगितलंत!

गाडी शिकवायची तुम्हीच काढलीत. मला गाडी चालवता येत होती. कारखान्यात मी रोज नव्या गाड्या ट्रॅकवर फिरवत होते. ‘तें चालवणें नव्हे, तें बसणें,’ असं म्हणून तुम्ही विषय संपवलात. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत आपण निघायचो. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर तेव्हा पेरुंगुडीच्या पुढे मोकळं होतं, काचेच्या इमारती नुकत्याच वर येत होत्या, मधूनमधून पाणथळ आणि बगळे. तुम्ही डाव्या सीटवर बसलात. ती सीट सासूबाईंची. त्या गेल्यानंतर तिच्यावर कोणालाही बसू दिलं नव्हतंत, हे मला तुमच्या मुलाने नंतर सांगितलं. दुसऱ्या कोणाला बसवायचं नाही म्हणून तुम्ही स्वतःच तिथे बसलात आणि मला सुकाणूच्या चाकामागे बसवलंत.

त्या गाडीचा पहिला गिअर चालत्या गाडीत पडत नसे. गाडी पूर्ण थांबायला हवी, चाक एक तसूभरही फिरता कामा नये, तेव्हा तो मुकाट्याने आत जायचा. जरा घाई केली की दात खाल्ल्यासारखा आवाज करून गाडी सगळ्या रस्त्याला माझी लाज सांगायची. मी घाई करणारच. आमच्या गाड्यांत हे लाड नव्हते. तुम्ही पुढे बघत म्हणायचात, ‘थांब.’ मी म्हणायची, ‘थांबलेय की.’ तुम्ही म्हणायचात, ‘पाय थांबला. तूं थांबली नाहीस.’ मागून बस भोंगा वाजवतेय, शेअर ऑटोवाले बाजूने वाकून बघतायत, माझ्या पायांवर इंजिनाची धग, नाकात पेट्रोल, कपाळावरून डोळ्यांत घाम, आणि तुम्ही डाव्या सीटवर समुद्राचा वारा खायला आल्यासारखे निवांत. मला तुमचा गळा दाबावासा वाटायचा. मग गिअर बिनबोभाट पडायचा आणि तुम्ही फक्त म्हणायचात, ‘सरि.’ ठीक, एवढंच. त्या एका शब्दासाठी मी पुढचा आख्खा रविवार वाट बघायची.

आता माझ्या कामाचं. माझं काम तुम्हाला कधी पसंत पडलं नाही आणि मी ते समजावून सांगायचा प्रयत्नही नीट केला नाही, कारण तुम्ही पहिल्याच वाक्याला हसलात. मी गाडीतले आवाज काढून टाकायच्या विभागात होते. गाडीत डोळे मिटून बसायचं, कुठून कसला आवाज येतो ते शोधायचं, आणि रबर, फेल्ट, पट्टी, स्क्रू काहीही करून तो बंद करायचा. आमच्या त्या छोट्या गाडीत एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की डॅशबोर्डच्या मागून एक बारीक गुणगुण यायची. डास कानाशी यावा तशी. त्या गुणगुणीपायी माझं अख्खं वर्ष गेलं. स्वप्नातसुद्धा ती ऐकू यायची. शेवटी ती सापडली, आणि तिचा बंदोबस्त मी केला. कारखान्यात सगळ्यांनी पाठ थोपटली. घरी येऊन मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही कॉफी डवऱ्याच्या खोलगट वाटीतून पेल्यात, पेल्यातून डवऱ्यात ओतत ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ‘आवाज म्हणजे गाडीचें बोलणें. तूं तिचें तोंड दाबतेस, आणि त्याचा पगार घेतेस?’ तुमचा मुलगा खो खो हसला. मीही हसले. आत गेल्यावर मात्र भांडी जरा जोरात घासली.

ती छोटी गाडी आम्ही घेतली तेव्हा तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारलीत, दार उघडून लावलंत, पुन्हा उघडून लावलंत. मी कान देऊन ऐकत होते, कारण त्या दाराच्या कडेचं रबरही मीच निवडलेलं होतं. दार कसं लागतं हे तुमच्यासारख्या माणसाला कळणारच. तुम्ही म्हणालात, ‘छान डबा आहे. अंबट भात मावेल.’ तेव्हापासून तिचं नाव डबाच पडलं. आयुधपूजेला दोन्ही गाड्या धुऊन शेजारी उभ्या केल्या, चाकांखाली लिंबं ठेवली, चाळीतल्यासारखी सगळी बिल्डिंग खाली जमली. हिरवीला तुम्ही स्वतः चंदन लावलंत, कुंकू लावलंत, बॉनेटवर झेंडूची माळ सरळ होईपर्यंत तीन ठिकाणांहून बघितलीत. डब्यापुढे आलात आणि वाटी माझ्या हातात दिलीत. ‘ही तुझी. तूंच लाव.’ मी लावलं. मला वाटलं, तुमच्या लेखी ही पूजेच्याही लायकीची नाही. कोहळा फुटला, लिंबं चिरडली, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी दिवसभर तुमच्याशी तुटक बोलत राहिले. तुम्हाला त्याचा पत्ताही नसावा. किंवा असेल.

मी काही कमी नव्हते, हेही लिहायला हवं. हिरवीचे दोष मी तुम्हाला जेवताना वाढायची. वेलचेरीच्या प्रत्येक गतिरोधकाला पोट घासतं. ब्रेक लावायचा तर आदल्या दिवशी कळवावं लागतं. ताडपत्री लावेपर्यंत पाऊस पडून थांबलेला असतो. तुम्ही एकेका दोषाला मान डोलवायचात, जणू मी तिचे गुणच सांगतेय. ‘अस्क खरें,’ म्हणायचात. सगळं खरं. ‘पण तरुणपणीं हिला शोलावरमच्या धावपट्टीवर सोडलें, तेव्हां मागें कोण आहे तें पाहावें लागलें नाहीं.’ मी विचारलं, शर्यत जिंकलात का? तुम्ही म्हणालात, ‘छे. सगळ्यांत मागें मीच होतों. म्हणून पाहावें लागलें नाहीं.’ असे तुम्ही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पुढे तुमची नजर अधू होत गेली. डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली. तुम्ही किल्ली आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवलीत आणि पेपर वाचायला बसलात. पेपर उलटा नव्हता, पण पान बराच वेळ उलटलं नाही. रविवार चालू राहिले. आता तुम्ही आवाजावरून सांगायचात की डाव्या बाजूने लॉरी येतेय, की तिसऱ्यात जायची वेळ झाली. मग गुडघे गेले. त्या बुटक्या गाडीत तुम्ही उतरायचात ते विहिरीत उतरल्यासारखे, आणि बाहेर काढायला मी आणि वॉचमन. एकदा मधेच अडकलात आणि आपण तिघंही हसत सुटलो, वॉचमन तर खालीच बसला. वर आल्यावर तुम्ही म्हणालात, ‘पोदुम. पुरे झालें.’ पण पुढच्या रविवारी टोपी घालून तयारच होता.

आणि मग त्या वर्षीचा तो पाऊस. कार्तिकातला, इकडचा, दिवसेंदिवस न थांबणारा. तुमचा मुलगा कंपनीच्या कामाला परदेशी होता. सकाळी वॉचमनने दार बडवलं, तळ्याचं पाणी आत शिरलंय, गाड्या काढा. मी दोन्ही किल्ल्या घेऊन खाली पळाले. पार्किंगमध्ये पाणी घोट्याच्या वर होतं आणि बघता बघता वाढत होतं. मी विचार केलाच नाही, सरळ हिरवीकडे गेले. ती बुटकी, तिच्यात आधी जाणार. चोक ओढला, बटण ओढलं. खोकली, पुन्हा खोकली, आणि चालू झाली. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. एवढ्यात तुम्ही कठडा धरत धरत जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आलात, तिथून पाण्यात, लुंगी गुडघ्यावर धरून. ‘ती नोको. छोटी काढ.’ मी म्हटलं, ‘मामंजी, ही चालू झालीय!’ तुम्ही जवळ येऊन वाकलात, दारावरून हात आत घातलात आणि किल्ली फिरवून तिला बंद केलंत. ‘छोटी काढ, अम्मा. लवकर.’ मी भांडले. रडले असेन, पावसात कळलं नाही. पण तुमच्या आवाजात असं काहीतरी होतं की मी उठले.

डबा पाणी कापत गेला. मोठ्या रस्त्याच्या कडेला एक कल्याणमंडपम, म्हणजे लग्नाचं कार्यालय, होतं, त्याच्या चढावर लोकांनी गाड्या लावल्या होत्या, तिथे मी लावला आणि कमरेएवढ्या पाण्यातून चालत परत आले. तुम्ही जिन्यात उभे होता. हिरवीच्या सीटा बुडल्या होत्या आणि सुकाणूचं वरचं अर्धं चाक तेवढं पाण्यावर दिसत होतं. तुम्हाला ते किती दिसत होतं देव जाणे. मला वाटलं, आता काहीतरी बोलाल. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, ‘भिजलीस. चल, काफी करतों.’ आणि खरोखरच केलीत, मेणबत्तीच्या उजेडात चाचपडत, अर्धी ओट्यावर सांडून.

त्यानंतर डोळ्यांच्या इस्पितळात तुम्हाला न्यायला डबाच होता. सीट उंच, गुडघे न मुडपता बसता यायचं. टी. नगरच्या सिग्नलला आपण उभे आहोत, बाहेर बसगाड्या, ऑटो, माणसांचा समुद्र, आणि आत टाचणी पडली तर ऐकू येईल. एसी चालू आहे. ती गुणगुण नाही. मी तुमच्याकडे बघते. तुम्ही डोळे मिटून बसला आहात, मान जराशी कललेली, आम्ही कारखान्यात बसतो अगदी तसे. आता म्हणाल. मला काही मोठं नको होतं, तोंडभर कौतुक तर नकोच. तुमच्या त्या एका ‘सरि’वर मी भागवलं असतं. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, ‘एसी कमी कर. थंडी वाजते.’ मी कमी केला. सिग्नल सुटला.

हिरवी तुम्ही विकलीत तीही मी कामावर असताना. आमचं जाणं-येणं कंपनीच्या बसने, त्यामुळे डबा खाली होता आणि तुम्ही वर. अड्यारचा कोणी एक तरुण आला, सांगाडा ट्रकवर चढवून घेऊन गेला. मी संध्याकाळी आले तर खांबांच्या मध्ये रिकामा पुठ्ठा. वर येऊन विचारलं, ‘गेली?’ तुम्ही म्हणालात, ‘गेली.’ लुगडं धुऊन गॅलरीत वाळत घातलेलं होतं. पुढच्या मार्गळी महिन्यात, दारोदार रांगोळीची मोठमोठी कोलमं घालण्याच्या दिवसांत, तुम्हीही गेलात. सकाळी कॉफीला उठला नाहीत, एवढंच.

लेखासाठी म्हणून मी त्या अड्यारच्या माणसाला शोधून काढलं. आता तोही तरुण राहिलेला नाही. हिरवी त्याने अशी उभी केली आहे की तुम्ही ओळखली नसती. रंग आरशासारखा, खाली तेलाचा एक थेंब नाही. त्याने मला किल्ली दिली आणि बेसंटनगरच्या समुद्रापर्यंत मी ती चालवली. त्याने नवा गिअरबॉक्स बसवून घेतलाय. चालत्या गाडीत पहिला गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. थांबावंच लागलं नाही. मामंजी, त्या क्षणी मला तुमची इतकी आठवण आली की मी गाडी कडेला घेतली आणि उगाच आरसा पुसत बसले. गाडी सुरेख होती. मला तीत काहीही नको होतं. डाव्या सीटवर तो भला माणूस कार्ब्युरेटरबद्दल सांगत होता आणि मला फक्त तिथे तुम्ही हवे होता, घामेजलेले, टोपी घातलेले, मला टोचून बोलणारे.

परत आल्यावर त्याच्या अंगणात चहा पिताना मी सहज म्हटलं, गाडी देताना माझे सासरे फार हळवे झाले असतील ना? तो हसायला लागला. म्हणाला, ‘हळवे? त्यांनी हिच्याबद्दल धड माहितीच दिली नाही. ट्रकवर चढवेपर्यंत मला शेजारच्या छोट्या गाडीत नेऊन बसवलं. दारं लावून घेतली, इंजिन चालू केलं, एसी लावला आणि म्हणाले, डोळे मीट. बराच वेळ तसंच बसवून ठेवलं. मग म्हणाले, सत्तमे इल्लै, पारु. एन मरुमगळ पण्णदु.’ आवाजच नाही, बघ. माझ्या सुनेने केलंय. तुम्ही त्याला हेही सांगितलंत म्हणे की आपली गाडी पाण्यात गेली त्याचं काही वाटत नाही, ही गेली असती तर पोरीचं एक वर्ष गेलं असतं.

मला ते वर्ष तुम्ही मोजलंय हेच ठाऊक नव्हतं. तुम्ही एका परक्या माणसाला सांगितलंत, आणि मी रोज समोर ताट वाढत होते. याचा मला राग येतो, अजून येतो, आणि तो काढायला तुम्ही नाही. लेख मी लिहिणार नाही, त्या पोराला उद्या सांगेन. हे पत्रही या टेबलाच्या पुढे कुठे जायचं नाही.

एक मात्र सांगते. त्या माणसाने ते सांगितलं तेव्हा मला अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं. आवाज ऐकण्यातच माझा जन्म गेला. तरी मी कप खाली ठेवला, कानाला हात लावला आणि म्हटलं, ‘काय म्हणालात? नीट ऐकू नाही आलं.’ त्याने पुन्हा सांगितलं.